राघूचे पथ्य

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात पोपट येतो तो बहुधा 'पोपटपंची' या शब्दातून, आणि तोही परीक्षापद्धतीवर टीका करताना. मला मात्र खऱ्याखुऱ्या, पिसांच्या पोपटाविषयी लिहायचे आहे. कानडी विभागातल्या आमच्या मैत्रिणी त्याला 'गिळी' म्हणतात. मराठी कानाला या शब्दाने 'गिळणे' आठवते. माझा सगळा विषय तोच आहे. पोपट काय गिळतो, आणि आपण त्याला काय गिळायला लावतो?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भोपाळला मावशीकडे गेले होते. बेळगावला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसले की गाडी न बदलता माणूस भोपाळला उतरतो, त्यामुळे मावशी लांब असूनही आम्हाला ती जवळच वाटते. काका 'भेल'मध्ये होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी वसाहतीपासून जवळच लहानसे घर बांधले. दोन वर्षांपूर्वी काका गेले. आता घरात मावशी आणि राघू.

हा राघू २०१२ च्या पावसाळ्यात घरात आला. अंगणाबाहेरच्या कडुनिंबाची फांदी वादळात मोडली आणि तिच्या ढोलीतले पिल्लू खाली पडले. अंगावर धड पिसेही नव्हती. काकांनी त्याला कापसाच्या घडीत ठेवले, चमच्याने भरवले आणि वाढवले. ते पिल्लू वन खात्याकडे न्यायला हवे होते, हे त्या वेळी घरात कुणालाही सुचले नाही. शेजारीपाजारी त्याला 'मिट्ठू' म्हणतात, मावशी 'राघू' म्हणते, आणि तो दोन्ही नावांना ओ देतो. सकाळी साडेसहा वाजता तो अगदी काकांच्या आवाजात विचारतो, "अगं, चहा झाला का?" मग मावशी चहात बिस्किट बुडवून त्याच्या चोचीत देते. पहिल्या दिवशी हे मी पाहिले तेव्हा मला हसू आले. दुसऱ्या दिवशी आले नाही.

राघूचा दिवसाचा आहार असा होता. सकाळी चहा-बिस्किट. नंतर भोपाळच्या रिवाजाप्रमाणे पोहे आणि जिलेबी. पोह्यांवरची खारी शेव राघू निवडून निवडून खाई. दुपारी भिजवलेली हरभऱ्याची डाळ, एक हिरवी मिरची, वरणभाताचा घास. आणि दिवसभर वाटीत सूर्यफुलाच्या बिया व शेंगदाणे. त्या वाटीचा तळ कधी दिसू द्यायचा नाही, हा मावशीचा नेम होता. दारी आलेल्याला उपाशी ठेवायचे नाही, हे आपल्या बायकांच्या हाडीमासी खिळलेले असते.

मी गेल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आले की राघू सारखा शिंकतो आहे, दांडीवर एक पाय उचलूनच बसतो आहे, आणि पिंजऱ्यातून टेबलावर उतरला तर धापा टाकतो आहे. "वय झालं असेल गं," मावशी म्हणाली. मी पुस्तकात पाहिले. नीट सांभाळलेला असा पोपट वीस-पंचवीस वर्षेही जगतो. मग बाराव्या-तेराव्या वर्षी हे कसले म्हातारपण?

दवाखान्यात न्यायला मावशी तयार नव्हती. त्याची दोन कारणे तिने सांगितली. एक, पोपटाला कुणी डॉक्टरकडे नेते का? दुसरे कारण तिने दार लावून घेऊन सांगितले : "बातमी गेली तर पकडून नेतील त्याला." त्याकडे मी पुढे येणारच आहे. पहिल्या कारणाबद्दल मात्र मला गंमत वाटली. पक्ष्यांच्या रोगांची देशातली सर्वांत नावाजलेली प्रयोगशाळा भोपाळलाच आहे. २००६ साली आपल्या महाराष्ट्रात नवापूरला कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला तेव्हा नमुने तपासायला गेले होते ते भोपाळला. त्याच शहरात एक पोपट बारा वर्षे शिंका देत, शेव खात बसला आणि त्याला एकदाही कुणी तपासले नाही. कोंबडीच्या मागे धंदा आहे, म्हणून तिच्या रोगाला प्रयोगशाळा आहे. पोपटाच्या मागे नुसते प्रेम आहे.

पहिल्या दवाखान्यात "आम्ही गायी-म्हशी बघतो" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी एक तरुण डॉक्टर भेटले. त्यांनी राघूला टॉवेलमध्ये धरले, आणि औषधाची बाटली काढण्याआधी विचारले, "इसे खिलाते क्या हैं?" मावशीने अभिमानाने सगळी यादी सांगितली. डॉक्टर ऐकत राहिले आणि राघूला वजनकाट्यावर ठेवला. एकशे बहात्तर ग्रॅम! गळ्याला गुलाबी पट्टा असलेल्या या जातीचा पोपट साधारण एकशे वीस-तीस ग्रॅमचा असतो. माणसाच्या हिशेबात सांगायचे तर साठ किलोचा माणूस ऐंशी किलोपर्यंत गेला.

त्यांनी माझे बोट धरून राघूच्या छातीवर फिरवले. मधोमध उभे हाड हाताला लागायला हवे. ते चरबीत बुडाले होते. चोच उघडून टाळूची फट दाखवली. तिच्या कडेला बारीक काट्यांची झालर असते, ती झिजून बोथट झाली होती. 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेची ही खूण. त्या जीवनसत्त्वावाचून नाकातोंडातले अस्तर सुकते, जाड होते, आणि मग शिंका, सर्दी, जंतुसंसर्ग. चोच वेडीवाकडी वाढली होती, तिचे पापुद्रे सुटत होते. यकृतावर चरबी चढली की असे होऊ शकते, असे ते म्हणाले. पायाचे तळवे लाल होऊन सुजले होते, कारण बारा वर्षे पाय एकाच जाडीच्या गुळगुळीत लाकडी दांडीवर. एकाच मापाची चप्पल घालून रात्रंदिवस उभे राहिल्यासारखे ते आहे.

मावशी सुन्न झाली होती. "मी त्याला काही कमी केलं नाही हो," एवढेच ती म्हणाली, आणि तेही मराठीत. डॉक्टरांना शब्द कळले नसतील, पण अर्थ कळला असावा. ते म्हणाले की त्यांच्याकडे येणारे बहुतेक पोपट उपासमारीने आजारी नसतात, लाडाने आजारी असतात.

माझे म्हणणे इथून सुरू होते. आपण पाळीव पक्ष्याला जे देतो ते त्याचे अन्न नसते. ते आपल्या ताटातले असते, किंवा आपल्या समजुतीतले असते. चित्रातला पोपट मिरची खातो म्हणून मिरची. दाणेवाला 'तोते का दाना' म्हणून सूर्यफूल देतो म्हणून सूर्यफूल. सूर्यफुलाच्या गरात जवळजवळ निम्मा भाग तेल असते. 'अ' जीवनसत्त्व जवळपास नाही, चुना अगदी थोडा. रानातला पोपट त्या बिया खातोच, शेतकऱ्याला विचारा! पण त्यासाठी तो सकाळ-संध्याकाळ मैलोगणती उडतो. आणि बियांबरोबर फुले, कळ्या, मध, कच्ची-पिकी फळे, कोवळे शेंडे असे दहा प्रकार खातो. आपला राघू दांडीच्या या टोकाकडून त्या टोकाला जातो, दीड हात. खुराक मात्र उडणाऱ्याचा, त्यात जिलेबी.

भोपाळहून तासाभराच्या रेल्वेप्रवासावर विदिशा आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने आपल्या 'कादंबरी'ची सुरुवात याच विदिशेच्या राजा शूद्रकाच्या दरबारात केली आहे. दरबारात पिंजऱ्यातून एक पोपट आणला जातो, त्याचे नाव वैशंपायन, आणि पुढची कथा तो सांगतो. या ग्रंथावरून आपण मराठीत प्रत्येक 'नॉव्हेल'ला कादंबरी म्हणतो, तेव्हा मराठी वाचकावर एका पोपटाचे ऋण आहेच. राजा त्याला विचारतो, पोटभर खाल्लेस ना? पोपट सांगतो की जांभळाचा रस प्यालो, डाळिंबाचे दाणे फोडले, आवळे खाल्ले. काव्यातले अलंकार सोडून द्या. पण तेराशे वर्षांपूर्वीच्या त्या ताटात फळेच फळे आहेत. आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचताना मला बाणभट्ट आठवला, हे खरे. तोच पोपट पुढे सांगतो की विंध्याच्या अरण्यात शेवरीच्या ढोलीत तो जन्मला, एक म्हातारा शिकारी झाडावर चढला, त्याने ढोलीढोलीतून पिल्ले ओढून मान मुरगळून खाली टाकली, आणि त्यात त्याचा बाप गेला. आजचे पिल्लेचोर मान मुरगळत नाहीत, कारण जिवंत पिल्लाला भाव येतो. ढोलीत हात घालण्याची रीत मात्र तीच.

चिठ्ठीत काय होते ते थोडक्यात सांगते, कारण आपल्या गावातही पुष्कळ घरांत पिंजरे आहेत. मोड आलेले मूग किंवा मटकी. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी. किसलेले गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची. पेरूची फोड, मोसमात जांभूळ, डाळिंबाचे चार दाणे. फळ थोडेच, कारण त्यातही साखर आहे. थोडी बाजरी-ज्वारी. चुन्यासाठी समुद्रफेस पिंजऱ्याला टांगायचा. सूर्यफुलाच्या बिया दिवसाकाठी दोन-तीन, त्याही शहाण्यासारखे वागल्याचे बक्षीस म्हणून. सकाळचे कोवळे ऊन रोज, पण काचेआडून नव्हे, कारण ज्या किरणांनी 'ड' जीवनसत्त्व तयार होते ते काच अडवते. दांड्या म्हणून पेरूच्या आणि कडुनिंबाच्या वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या. बंद म्हणजे बंद : चहा, चॉकलेट, खारे, तळलेले, दूध. ॲव्होकॅडो हे फळ आता आपल्याकडेही दुकानात दिसू लागले आहे. ते पोपटाला विषच. आणि न चिकटणारे तवे पिंजऱ्याजवळ कधीही तापवायचे नाहीत, कारण तो तवा फार तापला तर त्याचा धूर आपल्याला जाणवण्याआधी पक्षी मरतो.

मावशीचा एकच विजय झाला. मिरची डॉक्टरांनी चालू ठेवली. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना लागतच नाही. ज्या पदार्थाने आपली जीभ पोळते तो ओळखणारा ग्राहक आपल्या मज्जातंतूंत आहे. पक्ष्यांतला तसाच ग्राहक त्या पदार्थाला दाद देत नाही. हा ग्राहक शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. म्हणजे राघू मिरची खातो ते शौर्य नव्हे! तिच्यात 'क' जीवनसत्त्व भरपूर, 'अ'ही आहे. बारा वर्षांत राघूला जे थोडेफार पथ्याचे मिळाले ते त्या मिरचीतूनच, असे डॉक्टर हसून म्हणाले.

आता माझी चूक सांगते. घरी आल्याबरोबर मी उत्साहाने बियांची वाटी काढून टाकली आणि गाजर, मूग, शेवगा असा देखणा बेत मांडला. राघूने वाटी उलटी केली. संध्याकाळपर्यंत त्याने काही खाल्ले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिसे फुलवून बसला आणि "चहा झाला का?" एवढेही बोलला नाही. मावशी माझ्याशी बोलेना. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी मला चांगलेच फैलावर घेतले. यकृत चरबीने भरलेला पक्षी एकाएकी उपाशी ठेवला तर जिवावर बेतते. पोपटाला ओळखीचे नसलेले अन्न हे अन्न वाटतच नाही. बदल आठवड्यांनी मोजायचा, दिवसांनी नाही. आणि रोज वजन करायचे, कारण पक्षी आजार लपवतो. थव्यात जो अशक्त दिसतो त्याच्यावर ससाण्याची नजर जाते, म्हणून तो शेवटपर्यंत धडधाकट असल्याचे सोंग करतो. आपल्याला आजार दिसतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा हाच त्याचा खरा वैद्य.

मग बिया परत आल्या, आणि त्यांत रोज चिमूटभर मूग मिसळू लागलो. थव्यात दुसरा खातो ते पोपट खातो, असे कळल्यावर मी पिंजऱ्यासमोर बसून कच्चे गाजर कडाकडा चावू लागले. दहा-बारा दिवस मी इतके गाजर खाल्ले की मावशी म्हणाली, राघूचे राहू दे, तुझे डोळे तरी सुधारतील. ओल्या कोथिंबिरीची जुडी टांगली. त्याने आधी तिच्यात अंग भिजवून घेतले आणि मग सहज म्हणून एक पान तोडले. त्या पानाचे घरात जेवढे कौतुक झाले तेवढे माझ्या बारावीच्या गुणांचेही झाले नव्हते.

चहाचे बिस्किट मात्र सुटेना. त्याचे कारण राघू नव्हता. सकाळी साडेसहाला काकांचा आवाज यायचा आणि मावशीचा हात आपोआप बशीकडे जायचा. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली की ती म्हणायची, "एवढं एकच." यावर मी काय बोलणार होते? तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतःच डाळिंबाचे दाणे सोलून वाटीत तयार ठेवले. आवाज आला, तिने "हो, झाला" म्हणून एक दाणा दिला. राघूने तो घेतला, फोडला, आणि साल तिच्या पदरावर टाकले.

कुणी म्हणेल, माणसांना खायला मिळत नाही आणि पोपटाला कसले डाळिंब! हा आक्षेप मी मानते, पण हिशेब करून पाहा. सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, बिस्किटे आणि जिलेबी यांचा महिन्याचा खर्च शेवग्याच्या पाल्यापेक्षा जास्त होता. शेवगा अंगणात आहे. मूग आपल्या घरी भिजतातच. त्यातला एक चमचा त्याचा. बाजारात पोपटांसाठी तयार गोळ्यांचे परदेशी खाद्यही मिळते, ते महाग आहे, आणि ते आम्ही आणले नाही.

आता मावशीच्या भीतीकडे येते. तिची भीती खोटी नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले देशी पोपट संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे, घरी बाळगणे हा गुन्हा आहे. गळ्याला गुलाबी पट्टा असलेला आपला राघू असो की खांद्यावर लाल डाग असलेला तो मोठा, ज्याला तिकडे 'पहाडी तोता' म्हणतात, दोघांनाही हे लागू आहे. कायदा योग्य आहे असे माझे मत आहे. आज कुणी 'बिचारे पिल्लू आहे' म्हणून विकत घेतले तर दया त्या एका पिल्लावर होते आणि शिकाऱ्याला पुढच्या ढोलीची आगाऊ रक्कम मिळते. पिल्लू सापडले तर वन खात्याला कळवावे. तेही आमच्या काकांना कळवायला हवे होते.

पण जे पोपट दहा-पंधरा वर्षे पिंजऱ्यात आहेत त्यांचे काय? कायद्याच्या भीतीने लोक पोपट सोडत नाहीत, फक्त त्याला मागच्या खोलीत नेतात. तिथे ऊन नाही, आणि दवाखान्याची वाट कायमची बंद. 'सोडून द्या' म्हणणारे भले असतात, पण माणसाने चमच्याने वाढवलेल्या, न उडणाऱ्या राघूला आकाशात सोडणे म्हणजे मांजरीच्या ताटात वाढणे आहे. २०२० साली केंद्र सरकारने परदेशी जातीचे प्राणी-पक्षी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने नोंद करण्याची सवलत दिली होती. मुदतीत नोंद केली तर कागदपत्रे मागितली जाणार नव्हती. देशी पोपटांसाठी अशी मालकीची सवलत द्यावी असे मी म्हणत नाही. तसे केले तर आज पकडलेला पोपटही उद्या 'जुना' म्हणून नोंदला जाईल. मला एवढेच हवे आहे की आजारी पोपट घेऊन दवाखान्यात किंवा वन खात्याच्या दारात स्वतःहून आलेल्या म्हातारीला गुन्हेगारासारखे वागवू नये. पक्षी तपासावा, त्याच्या पायात कडे घालावे, आणि तो कुठे राहील हे त्याच्या प्रकृतीवरून ठरवावे. भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी वनविहार आहे, सोडवून आणलेल्या वन्य प्राण्यांना तिथे आसरा मिळतो. राघूसारख्यांसाठी अशी जागा प्रत्येक जिल्ह्यात का असू नये? वसतिगृहे आपण कशाकशासाठी बांधतो!

आमच्या डॉक्टरांनी उपचार केले, आणि निघताना हळूच सांगितले की वन खात्याला कळवा, मी सोबत चिठ्ठी देतो. मी निघण्याच्या आदल्या रात्री अर्ज लिहून दिला. २०१२ सालचे पिल्लू, त्याची प्रकृती, त्याचा आहार, सगळे खरे खरे. मावशीने तो दोनदा वाचला आणि काकांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवला. "त्याचं वजन उतरू दे आधी," ती म्हणाली. "असा ढोला राघू कुणाच्या हवाली करू? म्हणतील, बाईनं काय खायला घातलं!"

डॉक्टरांनी एकशे चाळीसचा आकडा दिला आहे. दर रविवारी मावशीचा फोन येतो तेव्हा माझ्या अभ्यासाची चौकशी नंतर, वजन आधी. गेल्या रविवारी एकशे एक्कावन्न होते. शिंका थांबल्या आहेत, पायाची सूज उतरली आहे, आणि शेजारच्या मुलाने जिलेबी दाखवली तर राघू अजून पिंजऱ्याच्या गजांना लोंबकळतो. अर्ज चष्म्याच्या डबीखालीच आहे. मी विचारले तर ती म्हणाली, "अजून अकरा ग्रॅम आहेत."